शाई-कार्ट्रिज, पर्यायी

संगणकाला जोडलेल्या इंकजेट प्रिंटरसाठी मूळ उत्पादकाव्यतिरिक्त अन्य कारखानदाराने तयार केलेली, किंवा रिकामी झालेली मूळ कुपी पुन्हा भरून विक्रीस आणलेली, शाईची कुपी. बाजारात पहिलीस ‘कंपॅटिबल’ व दुसरीस ‘रिफिल’ म्हणतात. मूळ उत्पादकाचे नाव व वेष्टन यांची नक्कल करून विकली जाणारी बनावट कुपी हा निराळा व दंडनीय प्रकार होय. पर्यायी कुपीची त्याच्याशी वारंवार गल्लत केली जाते आणि ती नेहमीच अजाणतेपणी होते असे नाही. कुपीवर बसविलेल्या चिपमुळे या किरकोळ उपभोग्य वस्तूला विसाव्या शतकाच्या अखेरीपासून कायद्याच्या व व्यापाराच्या इतिहासात स्थान मिळाले. यंत्र विकत घेणाऱ्याने त्यात कोणती शाई घालावी, हे विक्रीनंतरही विक्रेत्याने ठरवावे काय, हा त्यातील मूळ वाद आहे.

टंकलेखन यंत्रांच्या काळात असा वाद उद्भवला नव्हता. सुमारे अर्धा इंच रुंदीची शाईची फीत बहुतेक सर्व यंत्रांना चालत असे. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. परंतु त्याच्या ग्राहकाने फीतही गोदरेजचीच घ्यावी, अशी कोणतीही योजना त्या यंत्रात नव्हती. कोरेससारख्या कंपन्यांच्या फिती आणि कार्बन कागद कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळत. पुढे कार्यालयांत व बँकांत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आले, तेव्हा जुन्याच डबीत नवी नायलॉनची फीत भरून घेण्याचा प्रघात पडला. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावरील उमरगा (जि. धाराशिव, पूर्वीचा उस्मानाबाद) यांसारख्या तालुक्याच्या गावी अर्ज, प्रतिज्ञापत्रे, दाखले आणि खरेदीखते यांचे लेखन हा तहसील कचेरीच्या आधाराने चालणारा व्यवसाय असतो. त्यातील टंकलेखकाला शाईचा खर्च जाणवत असला, तरी ती कोणाकडून घ्यावी याचे बंधन नव्हते. हे बंधन इंकजेट प्रिंटरबरोबर आले.

इंकजेट प्रिंटरमध्ये केसाहून बारीक छिद्रांतून शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर फेकले जातात. यासाठी दोन पद्धती रूढ झाल्या. जपानमधील कॅनन कंपनीत १९७७ मध्ये शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला सोल्डरिंगचे तापलेले उपकरण चुकून लागले आणि सुईतून शाई उडाली. या निरीक्षणातून उष्णतेने बुडबुडा निर्माण करून थेंब बाहेर ढकलण्याची पद्धती निघाली. अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने हीच कल्पना स्वतंत्रपणे विकसित करून १९८४ मध्ये ‘थिंकजेट’ हा प्रिंटर आणला. एप्सन कंपनीने विद्युत् दाबाने आकार बदलणाऱ्या स्फटिकाचा उपयोग केला. ह्यूलेट-पॅकार्डच्या बहुतेक घरगुती नमुन्यांत फवाऱ्याचे तोंड कुपीवरच असते व कुपीबरोबर तेही बदलते. एप्सनच्या प्रिंटरमध्ये ते यंत्रात कायम असते आणि कुपी केवळ शाईचा साठा असते. पर्यायी शाईच्या व्यापाराची वाट या फरकाने ठरविली : पहिल्या प्रकारात तीच कुपी सुई-पिचकारीने पुन्हा भरणे सोयीचे पडले, तर दुसऱ्या प्रकारात नवी कुपी बनविणे सोपे ठरले. ज्या साधनाने हे तंत्र सुचविले, तेच पुढे रिफिल करणाऱ्याच्या हाती आले.

प्रिंटर स्वस्तात विकावा व नफा शाईतून मिळवावा, हे धोरण बहुतेक उत्पादकांनी स्वीकारले. परिणामी काही स्वस्त नमुन्यांत कुप्यांच्या दोन-तीन संचांची किंमत यंत्राच्या किंमतीएवढी होऊ लागली. पर्यायी कुपीला आरंभी अडथळा होता तो केवळ आकाराचा व एकस्वांचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस कुपीवर स्मृतियुक्त चिप आली. किती थेंब खर्च झाले याची मोजदाद ठेवून शाई संपत आल्याची सूचना देणे, हे तिचे घोषित कार्य होय. फवाऱ्याचे तोंड कोरडे चालून बिघडू नये यासाठी अशी मोजदाद उपयोगी पडते, हे उत्पादकांचे म्हणणे निराधार नाही. तथापि एकदा शून्यावर आलेली नोंद कुपी पुन्हा भरली तरी बदलत नसे आणि पुढील नमुन्यांत तर चिपने सांकेतिक ओळख पटविल्याशिवाय प्रिंटर काम करीनासा झाला. मोजदादीच्या साधनाचे असे कुलपात रूपांतर झाले.

या कुलपाचा पहिला गाजलेला खटला इंकजेटचा नसून लेसर प्रिंटरच्या टोनरचा आहे. नॉर्थ कॅरोलायनातील स्टॅटिक कंट्रोल काँपोनंट्स या कंपनीने लेक्समार्कच्या टोनर-कुपीवरील चिपशी जुळणारी चिप तयार केली. लेक्समार्कने डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेच्या १९९८ च्या अंकीय प्रतिलिप्यधिकार कायद्याखाली तिच्यावर दावा लावला. ज्या आज्ञावलीच्या नकलेवरून तक्रार होती, तिचा आकार एका नमुन्यात अवघा ५५ बाइट होता. फेब्रुवारी २००३ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने मनाई हुकूम दिला. तो ऑक्टोबर २००४ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला. चित्रपट किंवा पुस्तक यांच्या चोरीविरुद्ध केलेला कायदा सुट्या भागांच्या स्पर्धेविरुद्ध वापरता येणार नाही, असा त्या निर्णयाचा परिणाम झाला. इंप्रेशन प्रॉडक्ट्स या लहान कंपनीविरुद्धच्या दुसऱ्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी विकलेल्या कुपीवरील एकस्वाचा अधिकार विक्रीबरोबरच संपतो असे ठरविले. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र ८ नोव्हेंबर २००७ रोजी पुन्हा भरलेली कुपी ही नव्याने निर्माण केलेली वस्तू मानून कॅननच्या बाजूने निकाल दिला होता. चीनमधील जूहाई हे पर्यायी कुप्यांचे सर्वांत मोठे केंद्र होय. तेथील एपेक्स कंपनीने २०१५ मध्ये स्टॅटिक कंट्रोल आणि तिच्या नेतृत्वाखालील गटाने २०१६ मध्ये लेक्समार्कही विकत घेतली, त्यामुळे बारा वर्षांहून अधिक काळ न्यायालयात झुंजलेले वादी व प्रतिवादी एकाच छत्राखाली आले. (लेक्समार्क २०२५ मध्ये झेरॉक्सकडे गेली.)

न्यायालयांत पराभव झाला तरी कुलूप गेले नाही, कारण चिपची नक्कल करणे वैध ठरले म्हणून चिप बदलत राहण्यास उत्पादकाला मनाई झाली नव्हती. १३ सप्टेंबर २०१६ रोजी ह्यूलेट-पॅकार्डच्या अनेक प्रिंटरांनी आदल्या दिवसापर्यंत चालणाऱ्या पर्यायी कुप्या एकाएकी नाकारल्या. कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली, ग्राहकांच्या सामुदायिक दाव्यात तिने १५ लक्ष डॉलरची तडजोड मान्य केली आणि डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने तिला १ कोटी यूरो दंड केला. चिप छपाईसाठी कितपत आवश्यक आहे, याचे उत्तर मात्र कोणत्याही खटल्यापेक्षा एका टंचाईने दिले. जानेवारी २०२२ मध्ये अर्धसंवाहकांच्या तुटवड्यामुळे कॅननला टोनर-कुप्या चिपशिवाय पुरवाव्या लागल्या, तेव्हा त्या ‘अनोळखी’ ठरविणारी सूचना कशी ओलांडावी हे जर्मनीतील ग्राहकांना कंपनीनेच समजावून सांगितले.

भारतीय कायदा पर्यायी उत्पादकाला तुलनेने अनुकूल आहे. व्यापारचिन्ह अधिनियम १९९९ च्या कलम ३० नुसार एखादा सुटा भाग कोणत्या यंत्राला बसतो हे सांगण्यासाठी त्या यंत्राचे नाव वापरता येते. प्रतिलिप्यधिकार अधिनियम १९५७ मध्ये एका संगणक-आज्ञावलीची दुसरीशी जुळणी करण्यासाठी लागणारी माहिती मिळविण्यास मुभा आहे. आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ कुलूप तोडण्याला केवळ प्रतिलिप्यधिकाराचा भंग करण्याचा हेतू असेल तरच गुन्हा मानते. जुलै २०२२ मध्ये केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे पुढे ठेवली.

प्रत्यक्षात या देशात प्रश्नाचा बराचसा निकाल न्यायालयाबाहेर, दुकानांतून लागला. सातबारा उतारे, जातीचे दाखले, विद्यार्थ्यांचे प्रवेशअर्ज व पीकविम्याच्या पावत्या छापून देणाऱ्या केंद्राला एका पानामागे मोजकेच पैसे मिळतात. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा संगणकावरून काढता येऊ लागला, तशी गावोगावच्या छपाईत भरच पडली. काही शे पानांत संपणारी मूळ कुपी अशा व्यवसायाला परवडणारी नव्हती. यास्तव रिफिलचा व्यवसाय तालुक्यांपर्यंत पोहोचला. कोठे पिचकारीने कुपी भरली जाई, कोठे नोंद शून्यावरून पूर्ववत करणाऱ्या चिप बसविल्या जात, तर कोठे यंत्राबाहेर बाटल्या ठेवून नळ्यांनी शाई आत नेली जाई. या शेवटच्या जुगाडात गळती होई आणि उन्हाळ्यात यंत्र काही दिवस बंद राहिले, तर तोंडात शाई वाळून ते निकामी होई. परंतु छपाईचा खर्च इतका घटे की दुकानदार तो धोका पत्करीत. आग्नेय आशियातही असेच चालले होते. त्याची दखल घेऊन एप्सनने ऑक्टोबर २०१० मध्ये इंडोनेशियात मोठ्या टाकीचा प्रिंटर स्वतःच विक्रीस काढला व लवकरच तो भारतात आणला. सुमारे ७० मिलि. च्या काळ्या शाईच्या बाटलीत चार हजार पाने निघतात, असे कंपनी सांगे. यंत्राची किंमत वाढली, शाईची उतरली. पुढे ब्रदर, कॅनन व ह्यूलेट-पॅकार्ड यांनीही टाकीचे नमुने काढले.

टाकीच्या आरंभीच्या नमुन्यांत कुपी नाही आणि तिच्यावरील चिपही नाही. मात्र तोंड साफ करताना वाया जाणारी शाई शोषणाऱ्या गादीची मोजदाद यंत्र ठेवते व ठरावीक मर्यादेनंतर बंद पडते. ते पुन्हा चालू करण्याचे काम दुरुस्ती करणारे ‘रीसेटर’ नावाच्या आज्ञावलीने करतात. नंतरच्या काही नमुन्यांत बाटलीच्या तोंडाला विशिष्ट खाच ठेवलेली असून ते त्याच रंगाच्या टाकीला बसते. रंगांची सरमिसळ टाळण्यासाठी ही योजना असल्याचे उत्पादक सांगतात. त्याच खाचेच्या पर्यायी बाटल्याही बाजारात आल्या आहेत.