हत्तीची गोळी

दिवाळीत आमच्या साताऱ्याला अंगणाअंगणांत मातीचे किल्ले उठतात. गेल्या वर्षी शेजारच्या एका पोराने किल्ल्याच्या पायथ्याशी रबरी हत्ती उभा केला, टिकल्यांचे पिस्तूल त्याच्यावर रोखले आणि मला विचारले, "गुरुजी, खऱ्या हत्तीला केवढी गोळी लागते हो?"

मी गप्प! माझ्या एका कादंबरीतला नायक मी बेधडक आफ्रिकेत शिकारीला धाडला होता. त्याच्या खांद्यावर कोणती रायफल, हे लिहायचे मात्र शिताफीने टाळले होते. पोराने नेमके तिथेच बोट ठेवले. म्हणून शोधाला लागलो, आणि आफ्रिकेची वाट फिरून आपल्याच घराशी आली.

१८९८ साली लंडनच्या रिग्बी कंपनीने हत्तीसाठी ४५० बोअरची रायफल काढली. बोअर म्हणजे नळीचे भोक, इंचाच्या हजारांशांत मोजलेले. शिकारी खूष झाले. पण १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हा बोअर हिंदुस्थानात बंद केला. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीही ४५० च्याच. शिकाऱ्यांचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडला तर? झाले! लंडनच्या बंदूकवाल्यांनी भोक केसभर वाढवून ४६५, ४७०, ४७५ अशा नव्या रायफली बाजारात आणल्या. त्यांतली ४७० पुढे आफ्रिकेच्या सफरींत हत्ती आणि रानरेड्यांसाठी नावाजली. केनियातल्या हत्तीच्या गोळीचे माप असे हिंदी माणसाच्या धास्तीने ठरले!

ही गोळी पावणेतीन तोळ्यांची. थ्री-नॉट-थ्रीची जेमतेम तोळाभर. पण स्कॉटलंडच्या वॉल्टर बेलने हजारावर हत्ती मारले, ते बहुतेक २७५ च्या तोळाभर गोळीनेच. त्याने हत्तीची कवटी करवतीने चिरून मेंदू कुठे असतो ते पाहून ठेवले होते. एवढी विद्या नसलेल्याने १९१२ साली निघालेल्या ३७५ च्या खाली उतरू नये, असा संकेत पुढे रूढ झाला. माझ्या नायकाला मी तीच देईन. त्याच्या नेमाचा मला भरवसा नाही.

पाटणकडचे एक पेन्शनर सुभेदार माझ्या परिचयाचे आहेत. त्यांच्या घरी ईशापूर कारखान्याची ३१५ ची रायफल आहे. ते म्हणाले, "मास्तर, पलटणीत थ्री-नॉट-थ्री चालवली, पण घरी ठेवायची म्हटली तर ३१५. फौजेची गोळी घरात नको, असा कायदा." गोरे गेले, पण त्यांची शंका आपण जपून ठेवली.

ती अगदीच खोटी होती, असेही नाही. प्रतिसरकारच्या दिवसांत, २४ जुलै १९४३ रोजी, वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी सांगलीचा तुरुंग फोडून निघाले ते पहारेकऱ्यांच्याच बंदुका घेऊन. पाठलागात दादांना गोळी लागली, दोन साथी कामी आले. हत्तीच्या गोळीचा हिशेब करता करता मी इथे बराच वेळ थांबलो.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला आळा बसला, केनियाने १९७७ साली ती बंदच केली. कोयना आणि चांदोलीचे रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. सुभेदारांची ३१५ आता निवडणूक आली की तेवढी घराबाहेर पडते. पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर पावती दाखवून परत येते.