इष्ट, धर्म आणि यंत्र

म्हैसूरच्या ओरिएंटल लायब्ररीचे नाव निघाले की शामशास्त्रींना तिथे मिळालेली कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी आठवते. १९०९ साली त्यांनी ती छापली. त्याच ग्रंथालयात काम केलेले आणि पुढे महाराजा कॉलेजात संस्कृत शिकवणारे एम. हिरियण्णा (१८७१–१९५०) मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेला मानवी मूल्यांचे वळण कसे लावावे, ही आजची चर्चा वाचताना मला तेच आठवतात.

प्रश्न तसा जुना. यंत्रात घातलेला हेतू आपल्याला खरोखरच हवा आहे ना, याची आधी खात्री करा, असे गणिती नॉर्बर्ट वीनरने १९६० सालीच बजावले होते. पण ‘हवे असणे’ म्हणजे काय? हिरियण्णांनी नेमकी इथेच फोड केली आहे. मूल्य म्हणजे इष्ट, जे हवेसे वाटते ते. आणि माणूस जाणूनबुजून जे साधू पाहतो तो पुरुषार्थ. अर्थ हे साधन, काम हे सुख. या दोहोंमागे प्राणीही धावतात. त्या धावेला लगाम घालतो तो धर्म.

आजची बोलकी यंत्रे बरीचशी पसंतीवर घडतात: दोन उत्तरे समोर ठेवायची, माणसाला आवडेल ते यंत्राने गिरवायचे. त्यातून ती तोंडपुजेपणा शिकतात, असे संशोधकांना आढळले आहे. इष्ट शिकवले, लगाम राहून गेला. मग लेखी तत्त्वांची भर पडते आणि मीमांसकांचा वाद पुन्हा उभा राहतो. ‘आउटलाइन्स ऑफ इंडियन फिलॉसॉफी’ (१९३२) या ग्रंथात हिरियण्णांनी तो मांडला आहे: कुमारिलाच्या मते धर्म फळासाठी आचरायचा, प्रभाकराच्या मते केवळ कर्तव्य म्हणून. फळावर डोळा ठेवणारे यंत्र आडवाटेनेही फळ गाठील. नियमाला चिकटलेले यंत्र नियमकर्त्याला न सुचलेल्या प्रसंगी अडून बसेल. यंत्रापुरता तरी मी प्रभाकराच्या बाजूचा. अडून बसलेले निदान दिसते.

पण मराठी वाचक इथे थांबणार नाही. धर्म लिहायचा कुणी? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, ती याच प्रश्नावर. लगाम तिथेही होता; तो कुणाच्या हातात आणि कुणाच्या तोंडात, हे ज्यांनी भोगले त्यांना कधी विचारलेच नव्हते. वीनरच्या इशाऱ्यातले ‘आपण’ म्हणजे नेमके कोण, हेही तसेच मोघम राहिले. यंत्रांची तत्त्वे आज मोजक्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत लिहिली जातात.