जीव वाचवणारे औषध आणि न दिसणारी झीज

21 सप्टेंबर 1948 रोजी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीस ‘संयुग ई’ टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली. हे संयुग म्हणजे कॉर्टिसोन, आजच्या स्टेरॉइड औषधांचा पूर्वज. 1950 मध्ये या कार्यासाठी हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या ल्युपसमध्ये रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, त्या रोगातही हे औषध लवकरच जीवदान देणारे ठरले.

धोक्याची सूचना मात्र आधीच मिळालेली होती. शरीरातच कॉर्टिसॉल अतिरिक्त प्रमाणात तयार होणाऱ्या रुग्णांचे वर्णन हार्वी कुशिंग यांनी 1932 मध्ये केले होते आणि त्यात ठिसूळ झालेली हाडे व वाकलेला कणा यांचीही नोंद होती. स्टेरॉइडमुळे हाड घडवणाऱ्या पेशी मंदावतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि मूत्रावाटे अधिक बाहेर पडते. मग प्रतिबंधाचा खात्रीलायक उपाय सिद्ध होण्यास अर्धशतक का लागले?

एक मोठे कारण मापनाचे होते. साध्या क्ष-किरण चित्रात झीज स्पष्ट दिसेपर्यंत हाडातील सुमारे एक-तृतीयांश खनिज नाहीसे झालेले असते. त्यामुळे बहुधा मणका खचल्यावरच निदान होई. जे मोजता येत नाही, त्यावरचा उपाय लागू पडला की नाही, हे तरी कसे ठरवणार?

ही कोंडी भौतिकशास्त्राने फोडली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जॉन कॅमेरॉन आणि जेम्स सोरेन्सन यांनी 1963 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक पद्धत मांडली. किरणोत्सारी आयोडीनमधून निघणारा फोटॉनचा अरुंद झोत हाडातून पाठवायचा आणि पलीकडे किती फोटॉन पोहोचतात ते मोजायचे. खनिज जितके अधिक, तितके पोहोचणारे फोटॉन कमी. पुढे दोन भिन्न ऊर्जांचे किरण वापरून हाड आणि मांस यांचा वाटा वेगळा काढता आला. यातूनच आजची डेक्सा तपासणी घडली.

मोजपट्टी हाती आल्यावर उत्तरेही मिळू लागली. 1998 मध्ये स्टेरॉइड घेणाऱ्या 477 रुग्णांच्या 48 आठवड्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज 10 मिलिग्रॅम अलेंड्रोनेट घेणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी 2.9 टक्के वाढली, तर औषधाविना ती 0.4 टक्के घटली. स्टेरॉइड सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांतच अस्थिभंगाचा धोका वाढतो, हेही ब्रिटनमधील मोठ्या नोंदींतून 2000 मध्ये दिसून आले.

दिल्लीत या प्रश्नास आणखी एक पदर आहे. ल्युपसमध्ये ऊन सोसत नाही, त्यामुळे रुग्णांना ते टाळावे लागते आणि त्वचेत ड जीवनसत्त्व कमी तयार होते. त्यात येथील धुरकट हवा अतिनील किरण अडवते. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीच्या प्रदूषित मोरी गेट भागातील लहान मुलांच्या रक्तात हे जीवनसत्त्व सरासरी 12.4 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आढळले. त्या काळी तुलनेने स्वच्छ असलेल्या गुरगावात ते 27.1 होते. मी राहतो त्या द्वारकेपासून गुरगाव अगदी जवळ आहे. आज हिवाळ्यातील धुरके दोन्हीकडे सारखेच उतरते.

म्हणून ल्युपसच्या रुग्णाच्या हाडांचा विचार पहिल्या गोळीबरोबरच व्हावा. रोज 2.5 मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून जास्त काळ घ्यायचे असल्यास धोक्याचे मूल्यमापन लवकर करावे, असे अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पुरेसे कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि व्यायाम हा पाया होय. धोका अधिक असल्यास हाडांचे औषधही द्यावे लागते. ल्युपस बहुधा तरुण स्त्रियांना होतो आणि अलेंड्रोनेटसारखी औषधे हाडांत वर्षानुवर्षे राहतात. त्यामुळे ती निवडताना मातृत्वाच्या इच्छेविषयी बोलणे अगत्याचे ठरते. स्टेरॉइडची मात्रा शक्य तितकी कमी ठेवणे हाही प्रतिबंधच आहे. युरोपीय तज्ज्ञांच्या 2023 च्या शिफारशींत दीर्घकालीन मात्रेची मर्यादा रोज 5 मिलिग्रॅम आहे. मात्र, हे वाचून कोणीही गोळ्या परस्पर थांबवू नयेत. अचानक बंद केलेले स्टेरॉइड जिवावर बेतू शकते.

कुशिंग यांच्या काळी झीज मोजण्याचे साधन नव्हते. आज ते आहे, आणि मणका खचण्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.