चक्रीवादळ येण्याआधी : कोकणातले घर, कागदपत्रे आणि सामान कसे सांभाळाल?

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, झोत १२० पर्यंत गेले. ईद-उल-फित्र होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांत घरांचे पत्रे आणि कौले उडाली, नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती आणि मोबाइलही लागत नव्हता. पुढच्या वर्षी १४ मे २०२१ ला ईद झाली आणि दोनच दिवसांत 'तौक्ते' कोकण किनाऱ्याजवळून गुजरातकडे सरकले. त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' येऊन गेले होते.

म्हणजे 'आपल्याकडे कुठे चक्रीवादळ येतं, ती ओरिसा-आंध्रची गोष्ट' असे म्हणायचे दिवस संपले. अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात : पावसाच्या तोंडावर मे-जून आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. या दोन्ही हंगामांच्या आधी घराची काय तयारी करायची आणि इशारा आल्यावर कोणत्या क्रमाने हात चालवायचे, ते या लेखात दिले आहे.

इशारा कसा वाचायचा?

हवामान विभाग वाऱ्याच्या वेगावरून वादळाची प्रत ठरवतो. ताशी ६२ ते ८८ किलोमीटर म्हणजे चक्रीवादळ, ८९ ते ११७ म्हणजे तीव्र चक्रीवादळ आणि ११८ च्या पुढे अति तीव्र. आकडे जवळजवळ वाटले तरी फरक मोठा असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की भिंतीवर आणि छपरावर पडणारा जोर चौपट होतो. ताशी ६० च्या वाऱ्यात टिकलेला पत्रा १२० च्या वाऱ्यात टिकेलच, असे समजू नका.

इशारे टप्प्याटप्प्याने येतात. किनाऱ्याला धोका असेल तर साधारण ७२ तास आधी पहिली पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी केशरी इशारा आणि शेवटच्या १२ तासांत लाल. घरातली कामे याच घड्याळाला बांधा :

- पिवळा इशारा : छप्पर, झाडे, कागदपत्रे, औषधे, किराणा.
- केशरी इशारा : पाणी भरणे, मोबाइल चार्ज करणे, अंगणातले सामान आत घेणे, वयस्कर मंडळींना पक्क्या घरात हलवणे.
- लाल इशारा : आता छपरावर कोणीही चढायचे नाही. राहिले ते राहिले.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका. हवामान विभाग, जिल्हा प्रशासन आणि ग्रामपंचायत यांच्याच सूचना धरा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिका १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२. हे क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. मोबाइल बंद पडला की त्यातले नंबरही गेले.

खाडीकाठी आणि बंदर मोहल्ल्यात राहणाऱ्यांनी चांदाची तारीखही पाहावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे चांदाच्या पहिल्या दोन-तीन तारखांना आणि तेरा ते सतराच्या दरम्यान, भरती मोठी असते. वादळ समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे ढकलते. ते पाणी मोठ्या भरतीच्या वेळी आले तर एरवी कोरड्या राहणाऱ्या अंगणातही शिरते.

छप्पर : सगळ्यात आधी इथे लक्ष द्या

वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा त्याला वर ओढतो. त्याच वेळी एखादी खिडकी किंवा दार उघडे राहिले तर आत शिरलेली हवा त्याला खालून ढकलते. वरून ओढ आणि खालून धक्का, असे दोन्ही मिळून पत्रा उचकटतो. म्हणून वादळात 'हवा खेळती राहू दे' म्हणून खिडक्या उघड्या ठेवणे चूक आहे. सगळे बंद हवे.

पत्र्याचे छप्पर असेल तर मिस्त्रीला बोलावून हुक आणि बोल्ट तपासा. समुद्राच्या खाऱ्या हवेने ते गंजतात. वरून नट दिसतो, पण आतली दांडी झिजलेली असते. गंजलेले बदला, सैल झालेले आवळा. छपराच्या कडा आणि कोपरे आधी उचकटतात, तिथे बोल्ट जवळजवळ हवेत. पडवीचा पत्रा मुख्य छपराला जोडलेला असेल तर त्यावर विशेष नजर ठेवा. पडवी उडताना घराचे छप्परही फाडून नेते.

कौलारू घरात वळचणीकडच्या ओळी आणि आढ्यावरची कौले सिमेंटने पक्की बसवून घ्या. वासे भिंतीवर नुसते टेकलेले असतील तर लोखंडी पट्टीने भिंतीशी बांधून घ्या. हे काम एप्रिलमध्येच उरकावे. इशारा आल्यावर गावात सुतार मिळत नाही.

पत्र्यावर दगड, विटा किंवा जुने टायर ठेवायची सवय अनेक ठिकाणी आहे. मोठ्या वाऱ्यात सुटा दगड खाली येतो आणि कोणाच्या तरी डोक्यात बसतो. त्यापेक्षा वाळूची पोती एकमेकांना बांधून ठेवा, किंवा जाड नायलॉनची दोरी छपरावरून घेऊन दोन्ही बाजूंना जमिनीत खोल ठोकलेल्या खुंटांना ताणून बांधा.

दारे, खिडक्या आणि अंगण

काचेवर चिकटपट्टी लावल्याने काच फुटायची थांबत नाही. बाहेरून प्लायवूडची फळी ठोकणे हा खरा उपाय. ते जमले नाही तर आतून जाड पडदा किंवा गोधडी लावा आणि त्या खोलीत कोणी झोपू नका. दारांना वर-खाली दोन्हीकडे कडी आहे का, ते पाहा.

अंगणातली प्रत्येक सुटी वस्तू वादळात उडते : प्लास्टिकच्या खुर्च्या, कुंड्या, कपडे वाळत घालायचे स्टँड, पत्र्याचे तुकडे, लग्नाच्या मंडपाचे बांबू. सगळे आत घ्या. डिश अँटेना उतरवून ठेवा. गच्चीवरची पाण्याची टाकी काठोकाठ भरा, रिकामी टाकी उडून जाते. शिवाय वीज गेल्यावर पंप चालत नाही, तेव्हा तेच पाणी कामी येईल.

घरालगतच्या माडांवरचे तयार नारळ आणि सुकलेल्या झावळ्या आधीच उतरवून घ्या. आंबा-फणसाची घरावर आलेली फांदी वेळेत छाटा. विजेच्या तारेला लागलेल्या फांदीला मात्र स्वतः हात लावू नका, महावितरणच्या कर्मचाऱ्यालाच कळवा.

कागदपत्रे : एकच पिशवी, एकच जागा

छप्पर पुन्हा घालता येते, पण भिजून लगदा झालेला जुना दस्त पुन्हा मिळवायला वर्ष जाते. सगळे कागद झिपच्या प्लास्टिक पिशव्यांत घालून एका जलरोधक पिशवीत ठेवा :

- आधार, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, जन्म-मृत्यूचे दाखले
- पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद (गल्फमधून सुट्टीवर आलेल्यांनी खास)
- सातबारा, आठ अ, खरेदीखत, घरपट्टीच्या पावत्या
- निकाहनामा, वारसाचे कागद, तलाक किंवा खुल्याचे कागद असतील तर तेही
- बँक पासबुक, विम्याच्या पॉलिसी, शाळेचे दाखले, गुणपत्रिका
- दवाखान्याच्या फायली

प्रत्येक कागदाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये आणि बाहेरगावच्या एका नातेवाइकाकडे ठेवा. आधार, गुणपत्रिका यांसारखे कागद डिजिलॉकरमध्येही ठेवता येतात.

याच वेळी घराचेही फोटो काढा : चारही बाजू, छप्पर, प्रत्येक खोली, फ्रिज, टीव्ही, शिलाई मशीन, दुकानातला माल. नुकसान झाल्यावर 'आधी काय होतं' हे दाखवायला हाच पुरावा असतो.

सोने आणि रोख रक्कम कपाटात ठेवून घर सोडू नका. कुराण शरीफ, किताबा आणि घरातले जुने हस्तलिखित असेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून पक्क्या स्लॅबखालच्या उंच कपाटात ठेवा. माळ्यावर ठेवू नका. छप्पर गेले की पहिला पाऊस माळ्यावरच पडतो.

पाणी, रेशन, औषधे

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरा. पाच माणसांच्या घराला आठवड्यासाठी १४० लिटर. हंडे, कळश्या, झाकणाचे ड्रम सगळे भरा. तांदूळ, पीठ, डाळ, मीठ, साखर जमिनीपासून उंच ठेवा. सोबत खजूर, चणे, बिस्किटे, पोहे असे न शिजवता खाता येईल ते घ्या. फ्रिजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. वीज गेली तरी थंडावा काही काळ टिकतो.

बीपी, शुगर, दमा, हृदयविकार यांची औषधे किमान पंधरा दिवसांची आणून ठेवा. इन्सुलिन फ्रिजविना ठेवायची वेळ आली तर घट्ट बंद डब्यात घालून डबा गार पाण्याच्या मडक्यात ठेवा. तान्ह्या मुलाचे दूध, सॅनिटरी पॅड, ओआरएसची पाकिटे, टॉर्च आणि त्याचे सेल विसरू नका.

सात-आठ महिन्यांची गरोदर बाई घरात असेल तर केशरी इशाऱ्याची वाट पाहू नका, तिला रुग्णालय जवळ असलेल्या नातेवाइकाकडे पोहोचवा. रस्त्यावर झाड पडले की रुग्णवाहिका अडकते.

वीज, गॅस, गाडी, होडी, जनावरे

वारा वाढू लागला की मेन स्विच बंद करा आणि सिलिंडरचा रेग्युलेटर काढा. जनरेटर घरात किंवा बंद पडवीत चालवू नका. त्याच्या धुराला वास येवो न येवो, बंद खोलीत तो झोपेतच जीव घेतो. गाडी झाडाखाली किंवा विजेच्या खांबाजवळ लावू नका. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर वादळाच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत, हे आधीच तपासा.

होड्या खाडीत सुरक्षित जागी आणा, इंजिन आणि जाळी उतरवून घ्या. बंदरावर बावटा लागल्यावर 'एक फेरी मारून येतो' म्हणू नका. शेळ्या आणि गुरे गोठ्यात बांधून ठेवू नका. गोठा पडला तर बांधलेले जनावर पळूच शकत नाही. दावे सोडून त्यांना उंच, मोकळ्या जागी न्या.

बंद घरे आणि एकट्या खाला

आपल्या कोकणातल्या मोहल्ल्यांची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे कुलूपबंद घरे, मालक मुंबईत नाहीतर कुवेत-कतारमध्ये. दुसरे म्हणजे मोठ्या घरात एकटी राहणारी म्हातारी खाला किंवा चाचा.

बंद घराची एक चावी गावातल्या विश्वासू माणसाकडे हवी. पावसाळ्याआधी पत्रे तपासायला आणि अंगण मोकळे करायला त्याला पैसे पाठवा. तुमचा उडालेला पत्रा शेजाऱ्याचा जीव घेऊ शकतो.

एकट्या माणसांची यादी जमातीने मे महिन्यातच करावी : कोणाला चालता येत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाचे छप्पर कच्चे आहे. प्रत्येक नावासमोर एका तरुणाचे नाव लिहावे. मस्जिदीच्या लाऊडस्पीकरला बॅटरी जोडलेली असावी, वीज गेल्यावर सगळ्यांपर्यंत सूचना पोहोचवायला तोच उपयोगी पडेल. मस्जिद, मदरसा किंवा शाळेची इमारत पक्की असेल तर तिथे पाणी आणि चटयांची सोय आधीच करावी. आणि मोहल्ल्यातल्या दुसऱ्या समाजाच्या शेजाऱ्यालाही तिथे जागा आहे, हे त्याला वादळाच्या आधी जाऊन सांगावे.

'घर सोडून कुठे जाऊ?' असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशी लाल इशाऱ्याच्या वेळी वाद घालून उपयोग नसतो. आदल्या दिवशी, दिवसाउजेडी, 'आज आमच्याकडे राहायला चला' म्हणून घेऊन या.

वादळ चालू असताना

पक्क्या स्लॅबखाली, खिडकीपासून लांब, घराच्या मधल्या खोलीत बसा. अचानक वारा थांबला आणि आभाळ उघडले तर बाहेर धावू नका. तो वादळाचा मध्य असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने येतो आणि पहिल्या फेरीत खिळखिळे झालेले पाडतो.

दुसऱ्या दिवशी

वादळात वाचलेली माणसे नंतरच्या घाईत जखमी होतात. ओल्या, निसरड्या छपरावर लगेच चढू नका. खाली पडलेली प्रत्येक तार चालू आहे असेच समजा. भिजलेल्या घराचा मेन स्विच वायरमनने पाहिल्याशिवाय लावू नका. विहिरीचे पाणी ब्लीचिंग पावडर टाकेपर्यंत उकळूनच प्या.

आवराआवर करण्याआधी नुकसानीचे फोटो काढा आणि तलाठी किंवा ग्रामपंचायतीकडे पंचनाम्यासाठी नाव नोंदवा. पंचनाम्यात घराबरोबर भांडी-कपडे, दुकान, झाडे, जनावरे, होडी-जाळी यांचीही नोंद झाली का, ते वाचून मगच सही करा आणि प्रत मागा. माड-पोफळी मोजताना स्वतः हजर राहा. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा. मालक परदेशात असेल तर गावातल्या माणसाकडे त्याच्या घरपट्टीची पावती आणि बँक खात्याचा तपशील हवा, नाहीतर मदतीच्या यादीत नाव मागे राहते.

यातले सगळे एका दिवसात होणार नाही. या जुम्याला घरी आल्यावर दोन कामे करा : कागदांची पिशवी भरा आणि पत्र्याचे बोल्ट पाहा. बाकीचे पुढच्या जुम्याला.