निफाडची सायकल, तिचं दुकान आणि शर्यती



एरवी इथं मी डाऊनी, भुरी, कांद्याचे भाव, कालव्याची पाळी असंच लिहितो. आज थोडा इतिहास लिहितो.

निफाडचा इतिहास म्हटला की न्यायमूर्ती रानड्यांचा १८४२ चा जन्म, मग गोदावरीचे कालवे, लासलगावचा कांदा, साखर कारखाने आणि शेवटी द्राक्ष. सगळं बरोबर आहे. पण कालव्याच्या चारीवर, मार्केटात, कारखान्यावर माणूस रोज पोचत होता कशावर, हे कुणी लिहीत नाही. बैलगाडी मालासाठी होती. माणूस जायचा सायकलीवर. आणि सायकल चालू ठेवायचं काम गावच्या सायकल दुकानाचं. ते दुकान, तिथली माणसं आणि शर्यती यांची ही नोंद. नव्या कृषी पदवीधर मित्रांनी शेवटपर्यंत वाचावी, कारण शेवट शेतीवरच येतो.

आधी सायकल आली कुठून ते बघू.

आजच्यासारखी, दोन्ही चाकं सारखी आणि मागच्या चाकाला चेन असलेली सायकल इंग्लंडात १८८५ ला आली. पण टायर भरीव रबराचे. खडकाळ रस्त्यावर हाडं खिळखिळी व्हायची. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉयड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. हे गृहस्थ जनावरांचे डॉक्टर. पोराच्या तीनचाकीला दणके बसू नयेत म्हणून त्यांनी ती खटपट केली होती. त्यांच्या नावाची कंपनी पुढं आपल्याकडं आली, आणि लोखंडी धाव असलेल्या लाकडी चाकाच्या जागी रबरी टायरची बैलगाडी आली तेव्हा लोक तिला 'डनलॉप'च म्हणायला लागले. म्हणजे एका जनावरांच्या डॉक्टरनं पोरासाठी केलेली सोय शेवटी बैलांच्याही कामाला आली.

स्वातंत्र्याआधी आपल्याकडं बहुतेक सायकली विलायती. रॅले, हंबर, हर्क्युलस, बीएसए ही नावं म्हातारी माणसं अजून घेतात. नंतर देशी कारखाने उभे राहिले. मद्रासकडं टी. आय. सायकल्स, सोनपतला १९५१ मध्ये ॲटलस, लुधियानाला १९५६ मध्ये मुंजाल बंधूंची हिरो. १९८६ ला हिरोचं नाव जगात सगळ्यात जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात गेलं. मी दहावीला होतो तो हाच काळ. आमच्या शाळेच्या भिंतीला एका रांगेत सायकली लागायच्या, निम्म्या तरी काळ्या, चोवीस इंची, दांडीवाल्या.

आता आपल्या तालुक्यात या.

लासलगावची बाजार समिती १९४७ ची. ओझरला मिग विमानांचा कारखाना १९६४ ला सुरू झाला. पाळी सुटायच्या वेळेला रस्त्यावर सायकलींची रांग लागायची. आमच्याकडून विंचूरमार्गे लासलगाव वीसेक किलोमीटर. कांदा गाडीत रात्रीच निघायचा, आणि शेतकरी पहाटे सायकल काढून लिलावाला पोचायचा. दुधाच्या किटल्या कॅरियरच्या दोन्ही बाजूंना. रात्री पाण्याची पाळी आली की हँडलला बॅटरी बांधून चारीवर जायचं, फावडं दांडीला आडवं बांधून.

आणि आपली जमीन कशी? काळी, चिकट. पावसाळ्यात मळ्यातून निघालं की माती टायर आणि मडगार्डच्या मधे अशी भरायची की चाकच फिरायचं नाही. मग काडीनं उकरायचं, दहा पावलं जायचं, परत उकरायचं. नाहीतर सायकल खांद्यावर. उन्हाळ्यात बाभळीचे काटे. सायकल माणसाला उचलते त्यापेक्षा माणूसच सायकल जास्त उचलतो, असं आमचे आजोबा म्हणायचे.

सायकलीवर करसुद्धा होता. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात पंचायतीला सायकलीवर कर बसवायचा अधिकार दिलेला होता. शहरात नगरपालिका कर घेऊन पत्र्याचा बिल्ला द्यायच्या आणि तो सायकलीला लावावा लागायचा. रात्री बिनदिव्याचं किंवा डबलसीट सापडलं तर पोलीस चाकातली हवा सोडायचे. हवा सोडली की माणूस परत दुकानातच.

आता दुकानाबद्दल.

आमच्या भागातलं दुकान म्हणजे स्टँडजवळ आठ बाय दहाची पत्र्याची टपरी. छताला टायर टांगलेले, बाहेर साखळीला बांधलेला हवेचा पंप, एका घमेल्यात पाणी. ट्यूब त्या पाण्यात फिरवायची, बुडबुडा आला तिथं खूण करायची, कानशीनं घासायचं, सोल्यूशन लावून वाळू द्यायचं, मग तुकडा. मिस्त्रींचा एकच नियम होता, सोल्यूशन वाळल्याशिवाय तुकडा चिकटवायचा नाही. घाई करणाऱ्याला ते बिडी संपेपर्यंत थांबवायचे.

भाड्याच्या सायकली चार-पाच, त्यातल्या दोन लहान. तासाला पन्नास पैसे. नाव आणि वेळ पाटीवर खडूनं. दांडीच्या खालून पाय घालून हाफ पायडल मारत आमची पिढी शिकली, ती त्या लहान सायकलींवरच. आमच्या वर्गातल्या मुली मात्र सायकलीवर फारशा दिसायच्या नाहीत, आणि आम्हा कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, हेही इतिहासात लिहिलंच पाहिजे. आज सरकार मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकलीसाठी पैसे देतं, ते चांगलं काम आहे.

उधारीची वही असायची. पंक्चरचे पैसे रोख, पण ओव्हरऑइल, नवा टायर किंवा फ्रीव्हील असलं की 'कांदा गेल्यावर' असं लिहायचे. कांद्याला भाव मिळाला नाही त्या वर्षी वही पुढच्या हंगामात जायची. मिस्त्रींचं स्वतःचं घर पत्र्याचं होतं आणि अर्ध्या गावाची चाकं त्यांच्या उधारीवर फिरत होती.

सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०, कारण वजन मागं जास्त. चाक वाकडं झालं की आऊट काढायचा. म्हणजे चाक फिरवत बघायचं, जिकडं रिम झुकते तिकडची तार ढिली आणि समोरची ताठ, एका वेळी पाव फेरा, जास्त नाही. हे काम बघायला दोन-चार माणसं कायम बसलेली असायची. बसलेला माणूस रिकामा नसायचा. कुणी पाना धरायचा, कुणी छर्रे रॉकेलमध्ये धुवायचा, कुणी पंप मारायचा. आणि तोंडानं भाव, पाऊस, सोयरीक सगळं चालायचं. कोणत्या गावाला नवा वाण कसा आला हे तिथं आधी कळायचं, कृषी खात्याचा माणूस नंतर यायचा.

आमच्याकडच्या पहिल्या पाठीवरच्या फवारणी पंपांची दुरुस्ती याच टपरीत व्हायची. कारण सोपं आहे. सायकलीच्या पंपात दट्ट्याला चामड्याचा वायसर असतो, तसाच फवारणी पंपातही असायचा. वायसर वाळला की दाब धरत नाही. तो तेलात भिजवून, कडा फुलवून परत बसवायचा, हे मिस्त्रींना आधीपासून ठाऊक होतं. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून पाइपाची गळती बांधायची युक्तीही तिथलीच.

आता शर्यती.

आमच्याकडं मोठ्या शर्यती नव्हत्या, पण शर्यत रोज होती. बाजारातून परतताना दोघांची नजरानजर झाली की लागली शर्यत, पैज चहाची. शाळेत २६ जानेवारीला स्लो सायकल असायची. सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला, पाय टेकला की बाद. आणि अधूनमधून गावोगाव फिरणारा सायकलवाला यायचा. मैदानात दिवा लावून तो तीन दिवस, कधी सात दिवस सायकलीवरून न उतरता गोल गोल फिरायचा. अंघोळ, जेवण, दाढी सगळं सायकलीवर. लोक धान्य आणि पैसे द्यायचे. त्याची सायकल बिघडली तर आमचे मिस्त्री पैसे घ्यायचे नाहीत.

ज्यांना वेग पाहिजे ती पोरं शर्यतीच्या आधी दुकानात यायची. मडगार्ड, कॅरियर, स्टँड, चेनकव्हर सगळं काढायचं. मागची १८ दात्यांची फ्रीव्हील काढून १६ ची टाकायची. हिशोब असा: पुढं ४४ दाते आणि मागं १८, तर एका पायडलला चाक जवळजवळ अडीच फेरे घेतं. मागं १६ केले की पावणेतीन. सपाटीला वेग वाढतो, पण चढाला मांड्या भरून येतात. फुकट काही मिळत नाही, हे गणित आम्ही शाळेत नाही, तिथं शिकलो.

दुकानात शिळं वर्तमानपत्र असायचं. त्यात १९४५ पासून चालत आलेल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीची बातमी आली की मोठ्यानं वाचली जायची. दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर, मधे बोरघाट. घाट आधी चढेल तो 'घाटाचा राजा'. आमच्या पोरांना पुण्याला कोण पहिला आला यापेक्षा घाटात कोण पहिला याचं कौतुक जास्त, कारण चढ काय असतो हे कॅरियरवर पोतं बांधणाऱ्यालाच कळतं.

बाहेरच्या जगातली एक गोष्ट इथं सांगतो. फ्रान्सची 'तूर द फ्रान्स' शर्यत १९०३ पासूनची. सुरुवातीच्या काळात नियम होता की बिघाड झाला तर शर्यतवाल्यानं स्वतःच दुरुस्त करायचा, दुसऱ्याची मदत चालणार नाही. १९१३ मध्ये यूजीन क्रिस्तोफ नावाच्या गड्याचा पुढचा फोर्क डोंगरात तुटला. त्यानं सायकल खांद्यावर घेतली, दहा किलोमीटरहून जास्त चालला, खालच्या गावातल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हातानं फोर्क जोडला आणि परत निघाला. त्याला दंड झाला. कारण काय? भट्टीचा भाता एका पोरानं हलवला होता.

ही गोष्ट मला आपल्या दुकानाच्या अगदी उलट वाटते. आपल्याकडं भाता हलवायला, पंप मारायला चार पोरं आपण होऊन पुढं यायची, आणि तेच त्या जागेचं मोल होतं.

पुढं आपला जिल्हा सायकलीत खूप मोठा झाला. नाशिकचे डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघानं पुरी केली. ती पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्यानं पुरी केली. नाशिकचे सायकलवाले दरवर्षी पंढरपूरची सायकल वारीही करतात. अभिमान वाटतो. आणि या लांब शर्यतींत स्वाराच्या मागं गाडी असते, तिच्यात सुटे भाग आणि दुरुस्ती करणारी माणसं असतात. म्हणजे भाता हलवणारा लागतोच, हे आता सगळ्या जगानं मान्य केलंय.

गावातलं दुकान मात्र गेलं. १९७२ ला लुना आली, १९८५ ला हिरो होंडाची सीडी १००. सायकलवाल्या घराण्याच्याच मोटारसायकलनं सायकल मागं टाकली. ३ जून २०२० ला, जागतिक सायकल दिनालाच, ॲटलसचा शेवटचा कारखाना बंद झाला. आमचे मिस्त्री त्याच्या कितीतरी आधी थकले होते. पोरगा शहरात गेला. टपरीच्या जागी आज मोबाइल रिचार्जचं दुकान आहे.

सायकलचे दिवस परत यावेत असं मी म्हणत नाही. मांडीत गोळे आणून पोती वाहण्यात काही मौज नव्हती. माझा मुद्दा वेगळा आहे.

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनीसाठी फवारणी काही तासांत व्हावी लागते, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या वेळी ब्लोअरचा डायफ्राम फाटला, नोझल बसलं किंवा बॅटरी पंपाची मोटर गेली तर आपण काय करतो? फोन लावतो. समोरचा म्हणतो, उद्या माणूस पाठवतो. त्या उद्यामध्ये घड जातो. लाखाची यंत्रं आपल्या शेडमध्ये आहेत, आणि ती उघडून बघणारा हात गावात नाही. सायकलच्या काळात यंत्र साधं होतं हे खरं, पण दुरुस्तीचं ज्ञान चार माणसांच्या डोळ्यांसमोर उघड्यावर होतं, म्हणून ते पसरत होतं. आज ते बंद खोक्यात आहे.

म्हणून दोन कामं सुचवतो.

एक, तुमच्या गावचे जुने सायकल मिस्त्री असतील तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. दुकान कधी निघालं, भाडं काय होतं, कोणत्या सायकली यायच्या, पहिला फवारणी पंप कुणी दुरुस्त केला, हे विचारून वहीत उतरवा. पेटीत जुना बिल्ला किंवा पावती सापडली तर भंगारात देऊ नका. ही माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. फार वेळ नाही.

दोन, गावातल्या तीन-चार पोरांना ब्लोअर, पंप आणि ठिबकचा फिल्टर खोलायला शिकवा. वायसर, डायफ्राम, नोझल, बेल्ट यांची एक पेटी चार बागायतदारांनी मिळून करा आणि ती सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा. दुरुस्ती चालू असेल तेव्हा बाकीच्यांनी तिथं बसावं, हातात काहीतरी धरावं. बघितल्यानंच कळतं.

आमच्या वस्तीवर अशी पेटी यंदा छाटणीच्या आधी करतोय. काय काय सामान ठेवलं आणि खर्च किती आला, त्याची नोंद पुढच्या वेळी देतो.