आलेखातून गळलेले ठिपके

'प्रश्न विचारा' असं आपण विद्यार्थ्यांना सतत सांगतो. कोणता प्रश्न, हे मात्र सहसा सांगत नाही. म्हणून मी वर्गात 'चॅलेंजर' दुर्घटनेच्या चौकशी अहवालातला एक आलेख फळ्यावर काढतो.

२७ जानेवारी १९८६ची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोरिडातून यान उडणार होतं आणि कडाक्याच्या थंडीचा अंदाज होता. बूस्टर रॉकेटच्या सांध्यांतून तप्त वायू निसटू नयेत म्हणून रबराच्या कड्या, म्हणजे 'ओ-रिंग', बसवलेल्या होत्या. थंडीत रबर ताठरतं. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीतले अभियंते रॉजर बॉइजोली आणि आर्नी थॉम्पसन यांनी उड्डाण पुढे ढकलण्याचा आग्रह धरला. 'नासा'च्या अधिकाऱ्यांना पुरावा हवा होता.

पुराव्यादाखल विचार झाला तो कड्यांना इजा झालेल्या उड्डाणांचा. ५३ अंश फॅरनहाइटला इजा झाली होती, तशी ७५ अंशांनाही. मग थंडीचा संबंध कुठे सिद्ध होतो? एरवी यान सुरक्षित आहे हे अभियंत्यांनी दाखवायचं असतं. त्या रात्री ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. अखेर कंपनीच्या व्यवस्थापनाने त्यांना डावलून होकार कळवला. सकाळी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटलं. सातही जण गेले.

पुढे रॉजर्स आयोगाने इजा न झालेली उड्डाणंही त्याच आलेखात मांडली. ६६ अंश किंवा त्याहून अधिक तापमानाच्या २० उड्डाणांपैकी फक्त तिनांत इजा होती. ६३ अंश किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत ती होती. माहिती आधीपासून उपलब्ध होती, पण काही न बिघडलेल्या उड्डाणांकडे कुणी पाहिलं नव्हतं.

आयोगासमोर रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवणारे रिचर्ड फाइनमन सर्वांच्या लक्षात राहिले. मला मात्र हे वगळलेले ठिपके जास्त छळतात. बॉइजोलींकडे धैर्याची कमतरता नव्हती. विषयाची जाणही होती.

मी फळ्यावर फक्त इजेचे सात ठिपके काढतो आणि थांबतो. मुलं त्या सातांवरच हिरिरीने वाद घालतात. 'सर, बाकीची उड्डाणं कुठे आहेत?' असं क्वचितच कुणी विचारतं. बहुतेक वेळा उरलेले ठिपके मलाच काढावे लागतात.