कशेळीच्या पुलापलीकडचं घरभाडं

ठाण्याचं बाळकुम मागे टाकून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुका लागतो. केंद्र सरकारच्या नोकराला हा पूल महागात पडतो. ठाण्यात मूळ पगाराच्या ३० टक्के असलेला घरभाडे भत्ता भिवंडीत बदली होताच २० टक्क्यांवर येतो. सप्टेंबर २००८ पासून शहरांची प्रतवारी एक्स, वाय, झेड अशी आहे आणि ती जनगणनेतल्या डोक्यांवर ठरते: ५० लाखांच्या वर एक्स, ५ लाखांच्या वर वाय, बाकी सगळं झेड. ठाणे-कल्याण मुंबईच्या नागरी समूहात मोजले जातात, भिवंडी वेगळी. २०११ ची तिची लोकसंख्या ७,०९,६६५, म्हणून वाय. खोलीमालक डिपॉझिट सांगताना जनगणना उघडून बसत नाही, ते सोडा.

राहणीखर्च मोजण्याचा उद्योग मुंबईत जुना. १९२१ मध्ये लेबर ऑफिस निघालं आणि जुलै १९१४ चे भाव १०० धरून कामगारांच्या राहणीखर्चाचा आकडा काढू लागलं. पण ती एकाच शहराची आपल्याच कालशी तुलना होती.

गाव आणि शहर शेजारी ठेवून पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्यरेषा काढली. १९६०-६१ च्या भावांनी माणशी वर्षाला गावात १८० रुपये, शहरात २७०. सरळ दीडपट. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ मध्ये महाराष्ट्रासाठी महिन्याचे आकडे आले ९६७ आणि १,१२६, म्हणजे फरक जेमतेम १६ टक्के. शहर स्वस्त झालं नव्हतं, फूटपट्टी बदलली होती. दांडेकर-रथांनी पुरेसं खाणारा माणूस प्रत्यक्षात किती खर्च करतो ते पाहिलं. तेंडुलकरांनी वस्तूंच्या एकाच टोपलीला दोन ठिकाणचे भाव लावले.

भिवंडीतल्या यंत्रमागाचा कारागीर कुठल्या टोपलीत बसवायचा? गाळ्यात बारा तासांची पाळी, जेवण भिसीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, महिन्याचा हिशेब भिसीवाल्याच्या वहीत. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच चटईवर पाठ टेकतो. उरलेला पैसा उत्तर प्रदेशातल्या गावी जातो, जिथे घर स्वतःचं आणि भाव निराळे.

ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत शहरी घरभाड्याला २१.६७ टक्के भार होता. ग्रामीण निर्देशांकात घरभाडं हा रकानाच नव्हता. भिवंडीच्या हद्दीबाहेर, गोदामांच्या पट्ट्यातल्या चाळींतून मात्र हमालांकडून दर महिन्याला भाडं वसूल होत होतं.